बायबलचे प्रथम वाचन : ‘रूथ’ या ग्रंथाच्या आधारे काही विचार

१. प्रास्ताविक

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला बायबल हे नाव अपरिचित नसते. मराठी गद्याचा व मुद्रणाचा इतिहास अभ्यासताना सिरामपूरच्या मुद्रणालयाचा उल्लेख येतो. विल्यम केरीचे १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८१० चा कोश यांची नावे येतात. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून केलेल्या आणि त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषांतराचाही निर्देश होतो. परंतु ज्या ग्रंथासाठी हा सारा खटाटोप झाला, तो ग्रंथ प्रत्यक्ष उघडून वाचणारे विद्यार्थी फार थोडे. ज्यांनी उघडला त्यांपैकी पुष्कळांचा अनुभव सारखाच आढळतो. ‘उत्पत्ती’मधील कथा आवडीने वाचल्या जातात, ‘निर्गम’चा पूर्वार्ध तितक्याच वेगाने सरतो, पुढे निवासमंडपाची मोजमापे आणि यज्ञबलींचे नियम सुरू झाले की वाचन मंदावते व ‘लेवीय’च्या प्रारंभीच थांबते.

यात वाचकाच्या चिकाटीचा दोष थोडा आणि ग्रंथाविषयीच्या चुकीच्या कल्पनेचा अधिक आहे. बायबल हे एक पुस्तक नव्हे, तर एक ग्रंथसंग्रह आहे. ‘बिब्लिया’ हा मूळ ग्रीक शब्दच अनेकवचनी असून त्याचा अर्थ ‘ग्रंथ’ एवढाच होतो. प्रॉटेस्टंट परंपरेत या संग्रहात ६६ ग्रंथ मानतात, कॅथॉलिक परंपरेत ७३. यहुदी परंपरेत केवळ हिब्रू ग्रंथांचा समावेश होतो व त्यांची गणना २४ अशी केली जाते. यांत कथा आहे, वंशावळी आहे, विधिनियम आहेत, स्तोत्रे, म्हणी, शोकगीते, प्रेमगीते, पत्रे आणि दृष्टान्तग्रंथही आहेत. यांतील बहुतेक प्राचीन भाग हिब्रूत, ‘दानीएल’ व ‘एज्रा’ यांतील काही भाग अरामीत आणि ‘नवा करार’ ग्रीकमध्ये आहे. अशा संग्रहाच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग जाण्याचा आग्रह धरणे म्हणजे ग्रंथालयाच्या पहिल्या कपाटापासून वाचीत सुटण्यासारखे आहे.

म्हणून नवशिक्या वाचकाने प्रारंभी एक लहान, स्वयंपूर्ण ग्रंथ निवडावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या लेखात त्यासाठी ‘रूथ’ हा ग्रंथ घेतला आहे. त्याचे चार अध्याय व ८५ वचने आहेत. एका बैठकीत तो सहज वाचून होतो. या ग्रंथाच्या आधारे दोन गोष्टी दाखविण्याचा हेतू आहे : मूळ भाषा न जाणणाऱ्या वाचकालाही संहितेच्या किती जवळ जाता येते, आणि वाचनातून मननाकडे जाण्याचा मार्ग कोणता.

‘मनन’ हा शब्द येथे हेतुपूर्वक वापरला आहे. आपल्याकडील श्रवण, मनन, निदिध्यासन या क्रमात मननाला श्रवणानंतरचे स्थान आहे. जे नीट ऐकले नाही त्याचे मनन होऊ शकत नाही. बायबलविषयी मात्र, ते श्रद्धेने हाती घेणारा आणि संशयाने हाती घेणारा हे दोघेही, पुष्कळदा श्रवणाची पायरी गाळून एकदम तात्पर्याकडे धाव घेतात.

२. बाह्य रचनेविषयी

कोणत्याही छापील प्रतीत अध्याय व वचने यांचे आकडे ठळकपणे दिसतात आणि ते मूळ लेखकाचेच असावेत अशी समजूत होते. वस्तुतः आज रूढ असलेली अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या प्रारंभी स्टीफन लँग्टन याने केली असे मानले जाते. हिब्रू संहितेत वचनांच्या सीमा परंपरेने पूर्वीपासून ठरलेल्या होत्या. परंतु ‘नव्या करारा’तील वचनांचे आजचे आकडे रोबेर एस्त्येन या मुद्रकाने १५५१ मध्ये घातले. हे आकडे संदर्भासाठी अत्यंत सोयीचे आहेत. पण वाचताना ते घातकही ठरतात. एखादे वचन सुटे काढून सुभाषिताप्रमाणे वापरण्याची सवय त्यांच्यामुळेच बळावली. ‘रूथ’ प्रथम वाचताना हे आकडे नाहीतच असे समजून सलग वाचावे.

दुसरी गोष्ट ग्रंथाच्या स्थानाची. ख्रिस्ती परंपरेच्या प्रतींत ‘रूथ’ हा ग्रंथ ‘शास्ते’ या ग्रंथानंतर येतो. प्राचीन ग्रीक भाषांतराचा हा क्रम आहे आणि कथेचा आरंभच शास्त्यांच्या काळाच्या निर्देशाने होत असल्यामुळे तो स्वाभाविक वाटतो. रक्तपात व अराजक यांनी भरलेल्या ‘शास्ते’नंतर एका खेड्यातील ही शांत कथा वाचताना तिचा एक अर्थ उमटतो. यहुदी परंपरेत मात्र हा ग्रंथ ‘लेख’ या तिसऱ्या विभागात येतो, आणि हंगामाशी निगडित असलेल्या शावुओत या सणात त्याचे वाचन होते. अकराव्या शतकाच्या आरंभीच्या सुप्रसिद्ध लेनिनग्राड हस्तलिखितात तो ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथानंतर येतो. ‘नीतिसूत्रे’चा शेवट कर्तृत्ववान स्त्रीच्या वर्णनाने होतो, तेथील ‘एशेत हयिल’ हाच शब्दप्रयोग बवाज रूथविषयी करतो (३:११). या क्रमाने वाचणाऱ्याला रूथ ही त्या वर्णनाचे मूर्तिमंत उदाहरण वाटते. एकच संहिता शेजार बदलताच निराळ्या दिशेने बोलू लागते, हे नव्या वाचकाने आरंभीच लक्षात घेण्यासारखे आहे.

३. कथेचा सांगाडा

बेथलहेम गावी दुष्काळ पडतो. अलीमलेख हा गृहस्थ पत्नी नामी व दोन पुत्र यांसह मवाब देशात जाऊन राहतो. तेथे तो मरण पावतो. पुत्र मवाबी मुलींशी विवाह करतात, आणि सुमारे दहा वर्षांत तेही मरतात. तीन विधवा उरतात. दुष्काळ सरल्याची वार्ता ऐकून नामी परत निघते व सुनांना माहेरी जाण्यास सांगते. अर्पा रडत परत फिरते. रूथ मात्र सासूची सोबत सोडण्यास नकार देते. बेथलहेमला आल्यावर रूथ शेतात सरवा वेचू लागते. ते शेत अलीमलेखाच्या कुळातील बवाज या संपन्न गृहस्थाचे निघते. तो तिला दयेने वागवितो. हंगामाच्या शेवटी नामीच्या सांगण्यावरून रूथ रात्री खळ्यावर जाते व बवाजाकडे आश्रयाची मागणी करते. दुसऱ्या दिवशी गावच्या वेशीत, दहा वडील मंडळींच्या समक्ष, अधिक जवळच्या आप्ताने हक्क सोडल्यावर बवाज रूथशी विवाह करतो. त्यांना ओबेद हा पुत्र होतो. तो दावीद राजाचा आजा.

मराठी वाचकाला या कथेतील जग परके वाटत नाही. सातूची कापणी, खळे, उफणणी, गावची वेस, भाऊबंदांचा हक्क या सर्वांसाठी आपल्या भाषेत घरचे शब्द आहेत. ‘सरवा’ हा शब्द तर शहरी बोलण्यातून जवळजवळ गेला असला तरी या कथेच्या मराठी भाषांतरात टिकून आहे. कापणीच्या वेळी शेताचा कडेचा भाग व गळलेली कणसे गरीब आणि परदेशी यांच्यासाठी सोडावीत, असा नियम ‘लेवीय’मध्ये (१९:९–१०) आला आहे. जो वाचक ‘लेवीय’पाशी थांबला होता, त्याला तो रूक्ष नियम येथे एका उपाशी स्त्रीच्या पदरात पडलेल्या धान्याच्या रूपाने भेटतो.

परंतु ही जवळीक सावधगिरीने घ्यावी लागते. सासू-सुनेचे नाते दिसताच जात्यावरच्या ओव्यांतील सासुरवास आपल्याला आठवतो, आणि ही त्याला अपवाद असलेल्या प्रेमळ सासू-सुनेची गोष्ट, असा निष्कर्ष आपण काढून मोकळे होतो. निष्कर्ष खोटा नाही. पण तो फार लवकर आलेला आहे. पाश्चात्त्य ख्रिस्ती समाजातही असेच घडले. रूथने सासूला दिलेले सोबतीचे वचन तेथे विवाहप्रसंगी वाचले जाते. ते एका विधवेने दुसऱ्या विधवेला, विवाहाची आशा संपलेली असताना दिलेले आहे, याचा विसर पडतो.

४. शब्दांची पुनरावृत्ती

प्राचीन हिब्रू कथाकार पात्रांच्या मनाचे वर्णन क्वचितच करतो. विशेषणे मोजकी असतात. अर्थ सुचविण्याचे त्याचे एक प्रमुख साधन म्हणजे शब्दांची पुनरावृत्ती. म्हणून दुसऱ्या वाचनात वाचकाने हाती पेन्सिल घ्यावी व पुनःपुन्हा येणाऱ्या शब्दांवर खुणा कराव्यात.

पहिल्या अध्यायात ‘परत जाणे, परत येणे’ या अर्थाचा ‘शूव’ हा धातू बारा वेळा येतो. नामी परत निघते, सुनांना परत जा म्हणते, अर्पा परत जाते, रूथ परत जाण्यास नकार देते. अध्यायाच्या शेवटी निवेदक म्हणतो की रूथही मवाबहून ‘परत आली’. येथे अडखळावयास हवे. रूथने बेथलहेम पूर्वी कधीच पाहिलेले नाही. मग ती परत कशी आली? कोणी याला लेखनातील सैलपणा म्हणेल. परंतु ज्या क्रियापदाभोवती सारा अध्याय विणला आहे, त्याचाच शेवटी असा उपयोग सहज झाला असेल असे वाटत नाही. जी वाट तिच्यासाठी परदेशाची होती, तीच निवेदकाच्या दृष्टीने घरची वाट ठरली, असा त्याचा अर्थ घेता येतो. येथपासून मननास खरा प्रारंभ होतो, आणि तो एका क्रियापदापासून होतो.

‘रिकामी’ या अर्थाचा ‘रेकाम’ हा शब्द केवळ दोनदा येतो. बेथलहेमला पोचल्यावर नामी गावच्या बायकांपुढे आपली व्यथा मांडते : भरलेली गेले होते, देवाने रिकामी परत आणली (१:२१). ती हे बोलते तेव्हा रूथ शेजारीच उभी आहे, हे विसरू नये. पुढे खळ्यावरून सातू घेऊन आलेली रूथ सासूला सांगते, की मी तुमच्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये असे बवाज म्हणाला (३:१७). मागे जाऊन पाहिले तर बवाजाच्या तोंडी निवेदकाने हे वाक्य घातलेले नाही. तो तसे म्हणाला असेल, किंवा सासूचा तो कटू शब्द रूथने मनात जपून ठेवून अशा रीतीने फेडला असेल. संहिता निर्णय देत नाही. वाचकाने दोन्ही शक्यता जवळ बाळगाव्यात.

तिसरे उदाहरण ‘कानाफ’ या शब्दाचे. त्याचा अर्थ ‘पंख’ असाही होतो व ‘वस्त्राचा पदर’ असाही. शेतात बवाज रूथला म्हणतो, की इस्राएलाच्या देवाच्या पंखांखाली तू आश्रयाला आली आहेस (२:१२). खळ्यावर रूथ त्याला विनविते, की आपला ‘कानाफ’ माझ्यावर पसरा (३:९). भाषांतरात पहिल्या ठिकाणी ‘पंख’ व दुसऱ्या ठिकाणी ‘वस्त्र’ किंवा ‘पांघरूण’ असा शब्द आला की दोन प्रसंगांतील धागा तुटतो. मूळ संहितेत रूथ बवाजाला त्याच्याच शब्दांत पकडते : देवाच्या पंखांविषयी बोललात, आता ते पंख तुम्हीच व्हा. मराठीत ‘पदर’ हा शब्द आश्रय आणि वस्त्र या दोन्ही अर्थांच्या जवळ जातो. पण तो स्त्रीच्या वस्त्राचा असल्यामुळे येथे चालत नाही. अशा वेळी भाषांतरकाराची अडचण समजून घेणे हाही वाचनाचाच भाग होय.

५. दोन संज्ञा आणि मराठीचा एक शब्द

‘हेसेद’ ही संज्ञा या लहानशा ग्रंथात तीनदा येते (१:८, २:२०, ३:१०). दया, कृपा, प्रीती, निष्ठा असे तिचे अनेक पर्याय दिले जातात. पण नात्याने किंवा वचनाने बांधलेल्या माणसाने कर्तव्याच्या मर्यादेपलीकडे जाऊन दाखविलेली निष्ठा, हा तिचा गाभा होय. यांतील दुसरे स्थळ भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष रोचक वाटेल. नामी बवाजाला आशीर्वाद देताना ‘ज्याने जिवंतांविषयी व मृतांविषयी आपली हेसेद सोडली नाही’ अशा अर्थाचे संबंधी वाक्य उच्चारते. हे ‘ज्याने’ देवाला उद्देशून आहे की बवाजाला? हिब्रू वाक्यरचनेत दोन्ही शक्य आहे. मराठीत बवाजासाठी आदरार्थी अनेकवचन वापरणाऱ्या भाषांतरकाराला ‘ज्याने’ व ‘ज्यांनी’ यांतून एकाची निवड करावी लागते, कारण देवाला आपण एकवचनी संबोधितो. मूळच्या संदिग्धतेत मनुष्याची निष्ठा कोठे संपते व देवाची कोठे सुरू होते हे सांगता येत नाही. आणि कथेचे मर्म बहुधा तेच आहे. मराठीतील आदरार्थी प्रत्यय नकळत त्याचा निकाल लावून टाकतो.

दुसरी संज्ञा ‘गोएल’. कुळातील ज्या जवळच्या आप्तावर हातची गेलेली जमीन सोडवून घेण्याची व आपल्या माणसाला संकटातून बाहेर काढण्याची जबाबदारी असते, तो गोएल. ही शुद्ध व्यवहाराची, जमिनीची व भाऊबंदकीची संज्ञा आहे. परंतु ‘यशया’च्या उत्तरार्धात हाच शब्द देवासाठी वापरला आहे आणि त्यातून पुढे मुक्तिदात्याची कल्पना विकसित झाली. मराठीत ‘सोडविणे’ हे क्रियापद गहाण जमिनीलाही लागते व बंदिवानालाही. याहून लक्षणीय शब्द ‘तारण’ हा आहे. सावकारी व्यवहारात ‘तारण’ म्हणजे कर्जाच्या हमीसाठी ठेवलेली वस्तू. ख्रिस्ती मराठीत ‘तारण’ म्हणजे उद्धार. एकाच शब्दाने देणेघेणे आणि पारमार्थिक मुक्ती या दोन्ही क्षेत्रांत वावरावे, ही गोष्ट गोएल या संज्ञेच्या प्रवासाशी बरीच समांतर आहे. ‘तारण’ हा शब्द वाचून केवळ धर्मोपदेशकाची परिभाषा म्हणून नाक मुरडणाऱ्याने त्याच्या मागे असलेले शेत, कर्ज आणि भाऊबंद एकदा डोळ्यांपुढे आणावेत.

६. कोण बोलते, कोण बोलत नाही

या ग्रंथाचा अर्ध्याहून अधिक भाग संवादांनी व्यापलेला आहे. तिसऱ्या वाचनात कोण काय बोलतो, दुसऱ्याचे बोलणे कसे सांगतो, आणि कोण गप्प राहतो, याकडे लक्ष द्यावे.

बवाज रूथला सांगतो, की माझ्या मुलींबरोबर, म्हणजे कामावरील बायकांबरोबर, राहा (२:८). घरी येऊन रूथ सासूला सांगते, की त्याने मला आपल्या गड्यांबरोबर राहण्यास सांगितले आहे (२:२१). नामी शांतपणे उत्तर देते, की त्याच्या मुलींबरोबर जाणेच बरे (२:२२). शब्दातील हा बदल किती अर्थपूर्ण आहे! परदेशी सुनेला स्थानिक रीतीचे बारकावे उमगलेले नाहीत, की संपूर्ण कामकऱ्यांच्या समुदायासाठी तिने पुल्लिंगी अनेकवचन वापरले, याविषयी मतभेद होऊ शकेल. पण नामीची दुरुस्ती संहितेत आहे, आणि ती भाषांतरातही वाचता येते.

दुसरे एक भाषिक वैशिष्ट्य मात्र मूळ संहितेतच दिसते. द्वितीय पुरुषी स्त्रीलिंगी क्रियापदाची ‘न’कारान्त, जुन्या वळणाची रूपे या ग्रंथात बवाज व नामी या प्रौढ पात्रांच्याच भाषणात येतात, रूथच्या तोंडी असे रूप एकदा येते, ते बवाजाचे बोलणे उद्धृत करताना. वडीलधाऱ्यांची भाषा थोडी जुनी असावी, हे लेखकाने ध्यानात ठेवले असावे असे काही अभ्यासकांचे मत आहे. आपल्याकडेही आजीच्या तोंडची रूपे आणि नातीच्या तोंडची रूपे यांत हा भेद ऐकू येतो.

अधिक जवळच्या आप्ताचे नाव ग्रंथकाराने दिलेले नाही. बवाज त्याला ‘पेलोनी अल्मोनी’ अशी हाक मारतो (४:१). आपल्या ‘अमका-तमका’ या प्रयोगाशी हे अगदी जुळते. मराठीत फारसीच्या द्वारे आलेला ‘फलाणा’ हा शब्द अरबी ‘फुलान’पासून निघाला असून तो हिब्रू ‘पेलोनी’चा सजातीय आहे. प्रत्यक्ष भेटीत बवाजाला त्याचे नाव ठाऊक नसेल हे संभवत नाही. मृताचे नाव राखण्याची जबाबदारी ज्याने स्वतःच्या वतनाला धक्का लागेल म्हणून नाकारली, त्याचेच नाव कथेने राखले नाही, असे येथे घडले आहे.

देवाविषयी निवेदकाने राखलेले मौनही असेच विचार करण्याजोगे आहे. पात्रे देवाचे नाव वारंवार घेतात. पण देवाच्या कृतीचा निर्देश निवेदनात दोनदाच येतो. प्रारंभी देवाने आपल्या लोकांना अन्न दिल्याची वार्ता नामीच्या कानी येते (१:६), आणि शेवटी तो रूथला गर्भ देतो (४:१३). मधल्या सर्व घटना माणसे घडवितात. रूथ बवाजाच्या शेतात पोचते ती तर योगायोगानेच, असे निवेदक मुद्दाम म्हणतो (२:३). श्रद्धावान वाचक या योगायोगामागे देवाचा हात पाहील. दुसरा कोणी त्यात कथानकाची सोय पाहील. ग्रंथकाराने दोघांनाही जागा ठेवली आहे.

शेवटच्या अध्यायात रूथ एक शब्दही बोलत नाही. जिच्या धीट बोलण्याने कथा पुढे सरकली, ती वेशीतील पुरुषांच्या व्यवहारात आणि नंतर बायकांच्या आनंदात मूक आहे. शेजारणी बाळाचे नाव ठेवतात व नामीला पुत्र झाला असे म्हणतात. नामीचे रितेपण भरले, हे खरे; पण त्यासाठी रूथने काय मोजले, हा प्रश्न संहितेने उघडपणे विचारलेला नाही. वाचकाने तो विचारण्यास प्रत्यवाय नाही.

७. ‘मवाबी’ हे विशेषण

आतापर्यंतचे वाचन एका ग्रंथाच्या मर्यादेत होते. आता तो ग्रंथ संग्रहातील इतर ग्रंथांच्या शेजारी ठेवून पाहावयाचा आहे, आणि येथे नवशिक्या वाचकाची खरी कसोटी लागते.

निवेदक रूथला पुनःपुन्हा ‘मवाबी’ म्हणतो. ती कोण आहे हे सांगून झाल्यावरही म्हणतो. ‘अनुवाद’ या ग्रंथातील नियम स्पष्ट आहे : मवाबी मनुष्याला दहाव्या पिढीपर्यंतही देवाच्या मंडळीत प्रवेश नाही (२३:३). त्याचे कारणही तेथे दिले आहे : मिसरातून आलेल्या इस्राएल लोकांना मवाब्यांनी वाटेत अन्नपाणी दिले नाही. ‘एज्रा’ (अध्याय ९ व १०) आणि ‘नहेम्या’ (अध्याय १३) या ग्रंथांत, बाबिलोनहून परतलेल्या समाजाने परदेशी स्त्रियांशी केलेल्या विवाहांचा कठोर निषेध आहे. ‘एज्रा’त तर अशा स्त्रियांना मुलांसह घालवून देण्याचा ठराव आहे. नहेम्याने मवाबी स्त्रियांचा नावानिशी उल्लेख केला आहे.

या पार्श्वभूमीवर ‘रूथ’ पुन्हा वाचावे. ज्यांनी अन्न नाकारले म्हणून ज्यांना दार बंद झाले, त्याच लोकांतील एक स्त्री ‘भाकरीचे घर’ असा ज्याच्या नावाचा अर्थ आहे त्या बेथलहेमातील उपाशी वृद्धेला वेचलेले धान्य आणून घालते. बवाजाशी पहिल्या भेटीत ती स्वतःला परदेशी म्हणवून घेते. त्या वाक्यात ‘ओळख देणे’ व ‘परकी’ या अर्थांचे हिब्रू शब्द ध्वनीने इतके जवळ आहेत की त्यावर श्लेष साधला आहे (२:१०). विवाह झाल्यानंतर (४:१३) तिचे नाव शेवटचे येते तेव्हा ‘मवाबी’ हे विशेषण त्याला लागलेले नाही. आणि ग्रंथाच्या शेवटी, पेरेसपासून दहा नावांची वंशावळ दावीद राजापाशी येऊन थांबते. म्हणजे इस्राएलाच्या सर्वश्रेष्ठ राजाची पणजी मवाबी होती.

काही अभ्यासक यावरून असा तर्क करतात, की हा ग्रंथ एज्रा-नहेम्याच्या काळात, त्या कठोर धोरणाला उत्तर म्हणून लिहिला गेला. इतर अभ्यासक त्याची भाषा व शैली लक्षात घेऊन तो राजेशाहीच्या काळातील मानतात. पादत्राण काढून देण्याची रीत पूर्वीच्या काळची होती असे निवेदकाला समजावून सांगावे लागते (४:७), यावरून कथाकाळ व लेखनकाळ यांत अंतर आहे एवढे निश्चित म्हणता येते; ते किती, याचा निर्णय झालेला नाही. परंतु काळाचा निर्णय काहीही लागो, एक गोष्ट अबाधित राहते : ज्या परंपरेने ‘अनुवाद’मधील नियम जपला, तिनेच ‘रूथ’ही जपले. दोन्ही ग्रंथ पवित्र मानले आणि त्यांतील ताण पुसून टाकला नाही. ‘नव्या करारा’त मत्तयाने येशूची वंशावळ देताना रूथचे नाव वगळले नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे.

नव्या वाचकाला ‘बायबल काय सांगते?’ असा प्रश्न एकवचनात विचारण्याची सवय असते. परदेशी मनुष्याशी कसे वागावे याविषयी बायबल काय सांगते, असे विचारले तर प्रामाणिक उत्तर असे द्यावे लागेल, की या संग्रहात एकाहून अधिक आवाज आहेत आणि ते एकमेकांना ऐकत आहेत. विरोध दिसताच ग्रंथ खोटा म्हणून तो मिटणे, किंवा विरोध नाहीच असे म्हणून दोन वचनांचा ओढूनताणून मेळ घालणे, हे दोन्ही मार्ग सोपे आहेत. मनन या दोहोंच्या मधल्या वाटेने जाते. परक्याला आत घ्यावे की बाहेर ठेवावे, हा प्रश्न तेव्हाच्या यरुशलेमाचाच होता असेही नाही. जात, भाषा आणि प्रांत यांच्या वेशी ज्यांच्या परिचयाच्या आहेत, त्या वाचकाने हे दोन्ही ग्रंथ शेजारीशेजारी ठेवून वाचणे विशेष उपकारक ठरेल.

८. भाषांतर व श्रद्धा यांविषयी

हिब्रू येत नसेल तर वाचावयाचेच नाही काय? असा अर्थ वरील विवेचनातून कोणी काढू नये. ‘परत येणे’, ‘रिकामी’, ‘मुली’ व ‘गडी’, ‘मवाबी’ ही सर्व स्थळे सावध वाचकाला बहुतांशी भाषांतरातही सापडतात. त्यासाठी एकाऐवजी दोन भाषांतरे शेजारी ठेवावीत : शक्य तर एक शब्दाला धरून चालणारे व एक अर्थाला धरून चालणारे. जेथे दोन्ही भिन्न होतात, तेथे मूळ संहितेत काहीतरी अवघड आहे असे समजून थांबावे. मराठी वाचकाला ही सोय पूर्वीपासून आहे. एकोणिसाव्या शतकातील भाषांतरे, खेड्यातील साध्या स्त्रियांना समजावे अशा मराठीचा ध्यास घेतलेले रमाबाईंचे भाषांतर आणि नंतरच्या सुधारलेल्या आवृत्त्या यांची तुलना हा मराठीच्या इतिहासाचाही अभ्यास ठरेल. फादर स्टीफन्सचे १६१६ मधील ‘क्रिस्तपुराण’ भाषांतर नव्हे. ते ओवीबद्ध पुराणाच्या रूपातील पुनःकथन आहे. परंतु परक्या संहितेला आपल्या भाषेत घर देताना कोणते शब्द उपयोगी पडले, हे पाहण्यासाठी तेही जवळ असावे.

राहिला प्रश्न श्रद्धेचा. हा ग्रंथ ज्यांना देववाणी आहे त्यांना चिकित्सक वाचन अनादराचे वाटू शकते, आणि ज्यांना तो केवळ प्राचीन वाङ्मय आहे त्यांना मनन हा शब्द अनाठायी वाटू शकतो. वर दाखविलेल्या पद्धतीने वाचताना दोघांनाही आपली भूमिका सोडावी लागत नाही. क्रियापद किती वेळा आले, कोण बोलले, कोणता शब्द वगळला, ही निरीक्षणे दोघांना समान आहेत. त्यांच्या वाटा भिन्न होतात त्या निरीक्षणांनंतर. आणि तेव्हा त्यांच्यात जो संवाद होईल, तो ग्रंथाविषयी असेल, ग्रंथाविषयीच्या पूर्वग्रहांविषयी नव्हे.

९. उपसंहार

सारांश, प्रथम वाचकाने एक लहान ग्रंथ निवडावा. तो एकदा सलग, एकदा शब्दांकडे आणि एकदा संवादांकडे लक्ष देऊन वाचावा. मग तो संग्रहातील विरोधी वाटणाऱ्या ग्रंथाशेजारी ठेवावा. आणि तात्पर्य शेवटी, तेही तात्पुरते, मांडावे. ‘रूथ’नंतर ‘योना’ घ्यावा. तेथेही परक्यांवरील दयेचाच प्रश्न आहे, पण तो उपहासाच्या सुरात विचारलेला आहे. त्यानंतर ‘मार्क’चे शुभवर्तमान व काही स्तोत्रे वाचावीत. एवढी तयारी झाली की ‘लेवीय’कडे परतावे. शेताच्या कडेचे पीक कापू नये हा नियम तेव्हा केवळ नियम म्हणून वाचला जाणार नाही. तो पाळला गेला म्हणून एका परदेशी विधवेला सरवा वेचता आला, हे वाचकाला ठाऊक असेल.